पक्ष्यांच्या वाट्याचं कोण खातंय?

विजेच्या तारेचं कुंपण लावून आठ दिवस झाले, तरी रोपं खाल्ली जातच होती. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या उत्तरेला कीथ नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्या एका कोपऱ्यात तो आणि मी उभे होतो. मी इकॉलॉजिस्ट, हा बर्ड प्लॉट माझ्या सल्ल्याने पेरलेला.

बर्ड प्लॉट म्हणजे केल ही कोबीच्या जातीची भाजी, मिलेट म्हणजे बाजरीसारखं धान्य, असं काहीबाही पेरायचं आणि कापायचं नाही. हिवाळ्यात शेतं उघडी पडली की पक्ष्यांना तिथे दाणा मिळतो. कीथला यलोहॅमर परत हवे होते. हे पिवळ्या डोक्याचे, चिमणीएवढे पक्षी. त्याच्या लहानपणी कुंपणाच्या झुडपांत त्यांचे थवे असायचे. आता एखाददुसरा दिसे.

पहिल्यांदा रोपं गेली तेव्हा मातीत मंटजॅकचे, म्हणजे कुत्र्याएवढ्या हरणाचे खूर उमटले होते. मी रिपोर्टमध्ये ‘डिअर’ लिहून मोकळी झाले. कीथने राबून तार लावली, पुन्हा पेरलं.

"आता तिसऱ्यांदा नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी नांगर फिरवतो."

माझी मॅनेजर हेलन हिने फोनवर एवढंच विचारलं, की खाल्लेले देठ तू जवळून पाहिलेस का? नव्हते पाहिले. त्यानंतर दोन दिवस ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना.

गुरुवारी सकाळी एकटीच गेले आणि चिखलात गुडघे टेकून बसले. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते देठ ओढून फाडतं. इथे प्रत्येक देठ कात्रीने तिरका कापल्यासारखा होता. हे काम सशांचं. लेंड्यांच्या मागाने गेले, तर काटेरी झुडपात ताजी बिळं. तीही तारेच्या आत.

कीथला जाऊन सांगितलं, "हरणं नव्हती. ससे आहेत, आणि आतच राहतात. चूक माझी."

"म्हणजे मी सशांना कुंपण घालून दिलं," तो म्हणाला आणि शेडकडे निघून गेला. आता ट्रॅक्टर काढतो की काय, या धास्तीने मी जागीच उभी राहिले. तो जाळीचं भेंडोळं घेऊन आला.

झुडपाभोवती बारीक जाळी लावली. सशांनी खालून खणू नये म्हणून तिची कड बिळांच्या बाजूला जमिनीवर दुमडली. केलची वेळ टळली होती, म्हणून लवकर येणारं मिलेट आणि मोहरी पेरली. अर्ध्याहून थोडा जास्त प्लॉट तगला.

जानेवारीत कीथचा मेसेज आला: आज अकरा यलोहॅमर. आभार वगैरे काही नव्हतं.

आता मी कुठेही गेले की आधी खाली बसते. रिपोर्ट नंतर.