कोऱ्या पट्टीची अकरा पुस्तकं

आमच्या घरात पुस्तक वाचणारा मीच पहिला. अशा माणसाने पुस्तकांबद्दल लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच, त्याबद्दल आधी माफी मागतो. पण कॉलेज सांभाळून मी तीन वर्षं पेणच्या एका वाचनालयात पार्टटाइम असिस्टंट आहे. इथे सांगतोय ती चूक माझी होती, म्हणून ती मीच लिहायला हवी असं वाटलं.

मार्चमध्ये सेक्रेटरी सरांनी एक यादी माझ्यासमोर सरकवली. ‘‘ही अकरा पुस्तकं काढून टाक. तीन वर्षांत एकानेही नेलेली नाहीत.’’

यादी माझ्याच अक्षरातली होती.

वाचनालयात दरवर्षी निष्कासन होतं. म्हणजे कोणी वाचत नाही ती पुस्तकं बाद करून नव्यांना जागा करायची. प्रत्येक पुस्तकात शेवटी एक कागद चिकटवलेला असतो, ती तारीखपट्टी. पुस्तक दिलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. सलग तीन वर्षं शिक्का नसेल तर पुस्तक यादीत जातं. मला कोऱ्या पट्ट्या शोधायला सांगितलं होतं. मी शोधल्या आणि लिहिल्या.

ती अकरा पुस्तकं म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्ककडच्या पोलिसकथांचे मराठी अनुवाद. मी एफवायला असताना कोणीतरी भेट दिलेली. बर्फ, दुपारीच पडणारा अंधार, एक खून आणि एक थकलेला इन्स्पेक्टर. आमचे मेंबर कव्हर बघून परत ठेवायचे. तरी ती सगळी वाचली गेली होती, काही तर दोनदा. वाचली होती पेणजवळच्या जोहे गावात.

जोह्याच्या एका गणपती कारखान्यात सुलभाकाकू आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. त्यांची सून वैशाली रंग घ्यायला पेणला यायची. एकदा तिने सासूसाठी ‘लवकर संपनार नाय असं’ पुस्तक मागितलं. पेणबाहेरच्यांना मेंबर करायचं नाही, असा आमच्याकडे नियम. मला नाही म्हणवलं नाही. मी पुस्तक दिलं, आणि शिक्का मारला नाही, कारण मारला असता तर कोणाच्या नावावर दिलं हा प्रश्न आला असता. पुढची दहाही तशीच गेली आणि परत आली.

एकदा परत आणायला मीच जोह्याला गेलो. वैशाली मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्या बायकांचे हात चालू होते. तिकडची नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी पहिल्या पुस्तकातल्या योहान्सन नावाच्या संशयिताचा जोहेकर करून टाकला होता. इन्स्पेक्टर म्हणजे ‘आमचा साहेब’. त्याचं पोट बिघडलेलं असायचं, त्यावर त्याला ओव्याचं पाणी कोणी कसं देत नाही याची चर्चा चाले. पन्नासाव्या पानावर वैशाली थांबायची. मग पुस्तक हातोहात फिरायचं. जिचा ज्याच्यावर संशय, त्याच्या नावाशेजारी तिने आपल्या ब्रशने बारीक ठिपका ठेवायचा. काकूंचा काळा, वैशालीचा गुलाबी. एकदा ठेवला की बदलायचा नाही.

एवढ्या अंधारात काय आवडतं, असं मी काकूंना विचारलं. त्यांनी हातातल्या मूर्तीचा दुसरा डोळा पुरा केला आणि मग बोलल्या.

‘‘आपल्याकडं गरिबाचं कोन मेलं तर दोन दिसांत लोक इसरतात. तो साहेब बघ. मेलेली पोर त्याची कोन नाय. तरी वरीसभर तिच्याच मागं हाय. धड जेवत पन नाय.’’

मला समीक्षा येत नाही. पण त्यानंतर मी ती पुस्तकं पुन्हा वाचली, आणि मला त्यात खुनापेक्षा तो न जेवणारा माणूसच जास्त दिसायला लागला.

तर यादी समोर होती. गप्प बसलो तर पुस्तकं जाणार. बोललो तर माझं काम जाणार, आणि काकूंचं वाचन बंद होणार. मी अकराही पुस्तकं आणून सरांच्या टेबलावर ठेवली.

‘‘सर, ही वाचलेली आहेत.’’

‘‘पट्टी कोरी आहे.’’

‘‘शिक्का मी मारला नाही.’’

मग सगळं सांगितलं. सर निवृत्त हेडमास्तर. अजून हिरव्या शाईने सही करतात. त्यांनी एक पुस्तक उघडलं आणि ठिपके बघून कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘वाचली कसली, खराब केलीत.’’

मला वाटलं, संपलं. तरी ठिपक्यांचा अर्थ सांगितला. ते पानं उलटत राहिले.

‘‘या काळ्या ठिपक्याचे अकरात किती बरोबर आले?’’

‘‘नऊ, सर.’’

ते हसले नाहीत. म्हणाले, हे कमिटीपुढे ठेवावं लागेल, तोवर तू येऊ नकोस. पुस्तकं मात्र टेबलावरच ठेवून घेतली.

परीक्षाही जवळ आली होती. मी रोह्याजवळच्या आमच्या गावी गेलो. बाबा मजुरीवर जातात. ड्युटी नाही का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी अभ्यासाचं कारण दिलं. खरं म्हणजे पान पुढे सरकत नव्हतं. पुस्तक वाचलं जाणं पुरेसं नसतं, ते पट्टीवर दिसावं लागतं, एवढंच मी त्या तीन आठवड्यांत शिकलो.

शेवटी फोन आला तो वाचनालयातून नव्हे, वैशालीचा. सर स्वतः एसटीने जोह्याला आले होते. कमिटीने नियम बदलला, काकूंचं मेंबर कार्ड झालं. यादीतली अकराही पुस्तकं कपाटात परत गेली. त्यातलं पहिलं सर सोबत घेऊन आले आणि तिथेच पट्टीवर शिक्का मारून काकूंना दिलं. आणि मला सोमवारपासून कामावर बोलावलं होतं.

‘‘पन एक सांग,’’ वैशाली म्हणाली. ‘‘हे आम्ही वाचलेलंच हाय. तेव्हा नव्हता तो एक हिरवा ठिपका आलाय बघ बेचाळिसाव्या पानावर. आमच्यात हिरवा रंग कोनाकडं नाय. आईंनी कार्डावरची सही आन तो ठिपका शेजारी धरून बघितला.’’

मागून काकूंचा आवाज आला.

‘‘सांग त्याला, सरांना म्हनावं चुकलात. जोहेकर नाय.’’