आधी बी, मग नांगर

पुस्तकातल्या एका गोष्टीपायी घरची ज्वारी पणाला लावणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा शेजारी! एकोणीसशे साठच्या आसपास मी दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. हे शेजारी म्हणजे म्हातारे ख्रिस्ती प्रचारक. गाव त्यांना मास्तर म्हणे. येशूचं कुठलंही वचन ते आधी छापील मराठीत वाचत, मग वऱ्हाडीत सांगत, आणि मग त्याच्या मुलखातल्या माती-पाण्याची चर्चा सुरू! आजाऱ्याला छपरातून खाली सोडल्याची गोष्ट निघाली की म्हणत, "तिथं कवेलू नव्हते गुरुजी, आपल्यासारखं मातीचं धाबं होतं." एकदा ते धाबं कसं उकरलं असेल हे दाखवायला ते कुदळ घेऊन माझे घरमालक आबाजी यांच्या धाब्यावर चढले. आबाजींनी खालून ठोकलेली आरोळी पार वेशीपर्यंत गेली.

तरी दोघांची दोस्ती पक्की. मास्तरांची एकच इच्छा होती: आबाजींनी येशूने सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावी. पण काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, इथवर आलं की आबाजी उठलेच! "मास्तर, वाटेवर बी फेकते, तो कास्तकार येडा-बयाड हाय का? त्याचं मी कायले ऐकू?" चावडी खो-खो हसे. मास्तर खट्टू होऊन दोन दिवस धड जेवत नसत. मला त्यांचा राग येई आणि कीवही.

मग कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना सापडलं की तिकडं, येशूच्या मुलखात, आधी बी फेकत आणि नंतर नांगरत. पायवाटही नांगराखाली जाई. "गुरुजी, तो बयाड नव्हता!" ओरडत ते थेट माझ्या ताटापुढे येऊन बसले. नुसतं सांगून आबाजींना पटेना. तेव्हा घ्या! पेरणीच्या दिवसांत मास्तरांनी स्वतःच्या अर्ध्या एकरात मुठी भरभरून ज्वारी फेकली, वाटेवर, गोट्यांत, बाभळीखाली. त्या अर्ध्या एकरावरच त्यांचं वर्षाचं खाणं होतं. मी हात धरला तर म्हणाले, "सोडा, तो पाहून राह्यला."

आबाजी बांधावर उभे होते. हसले नाहीत. "थांबा, बैल आनतो," म्हणाले, आणि सगळं बी त्यांनी स्वतः नांगरून मातीआड केलं. दुपारी बाभळीखाली बसून त्यांनी गोष्ट पुरती ऐकली, पार चांगल्या मातीत पडलेलं बी शंभरपट पिकलं इथवर. मास्तरांचे डोळे वाहत होते.

ज्वारी जेमतेमच आली. त्या वर्षी मास्तरांची भाकर आबाजींच्या घरून यायची. आबाजी काही ख्रिस्ती झाले नाहीत, मास्तरांनीही तसं कधी म्हटलं नाही. पुढे मास्तर गेले. त्यानंतर कितीदा तरी मी आबाजींना चावडीवर पाहिलं, कोणा नव्या माणसाला धरून सांगताना: "तिकडं आधी बी फेकत, मंग नांगरत. हासू नोको. पुरं आयक."