रेजिनाताईंनी न गाळलेलं वाक्य

रेजिनाताई लोपीस यांची आणि माझी पहिली भेट मस्कतमधल्या एका भारतीय शाळेच्या ग्रंथालयात झाली. माझ्या मुलीला, इराला, शाळेत घालायचं होतं. सतीश, म्हणजे माझे यजमान, कचेरीत प्रवेशाचं काम उरकत होते, तोवर मी तिला घेऊन ग्रंथालयात बसले. टेबलामागच्या बाईंनी तिला विचारलं, "कसलं पुस्तक हवं, बाळा? चित्रांचं की गोष्टींचं?" नावाची पाटी वाचून मी न राहवून म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी वसईची आहे. मराठी नाहीतर काय पोर्तुगीज बोलू?"

रेजिनाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख मागताना संपादकांनी सुचवलं होतं, की जुन्या वादांचा उल्लेख टाळता आला तर बरं. मी विचार करून पाहिला. ते वाद वगळले तर रेजिनाताई उरतच नाहीत. म्हणून ते लिहिते आहे, आणि संपादकांनी ते छापावेत अशी अपेक्षा आहे.

रेजिनाताई मस्कतच्या पार टोकाला, अल खौदला राहतात. त्यांच्याच इमारतीत नोरा नावाच्या मेक्सिकन बाई राहत असत. त्यांचे यजमान विद्यापीठात शिकवत. नोरांची मुलगी पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी घरातच तिचा सोहळा केला. त्यांच्याकडे याला किन्सेआन्येरा म्हणतात. मुलगी मोठी झाली, हे सगळ्या गणगोतासमोर मानानं सांगायचं. चर्चमध्ये प्रार्थना होते, डोक्यावर मुकुट ठेवतात, वडील स्वतः वाकून मुलीच्या पायातल्या सपाट चपला काढतात आणि तिला उंच टाचांचे बूट घालतात, मग बापलेक नाचतात. रेजिनाताई त्या दिवशी नोरांच्या मदतीला होत्या. पुढे ते कुटुंब ओमान सोडून निघालं तेव्हा नोरांनी मुलीची सगळी चित्रपुस्तकं रेजिनाताईंना दिली. "पुस्तकांना मुलं लागतात, आमची आता मोठी झाली," असं त्या म्हणाल्याचं रेजिनाताई सांगतात.

ती पुस्तकं मी हाताळली आहेत. एकात नाताळच्या आदल्या दिवशी मक्याच्या पानात सारण गुंडाळायला बसलेलं अख्खं घर आहे. एकात गेलेल्या आजोबांसाठी झेंडूची फुलं मांडणारा मुलगा आहे. आणि एकात पंधरा वर्षांच्या मुलीचा तो सोहळा, पानापानावर.

तेव्हा शहरातल्या दार्सैत भागात, आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत, रेजिनाताई शुक्रवारी मराठीचा वर्ग घेत. आपली मुलं आपापसात इंग्रजी बोलतात, मराठीत वाक्य सुरू करतात आणि मध्येच सोडून देतात. रेजिनाताईंनी त्यांच्यापुढे ही पुस्तकं उघडली आणि चित्रांवरून गोष्ट मराठीत सांगायला लावलं. झेंडू पाहिल्यावर मुलं बोलू लागली. "हे तर दसऱ्याला आपल्याकडे पण असतं." चुकत, अडखळत, पण वाक्य पुरं करत.

एका शुक्रवारी किन्सेआन्येराचं पुस्तक निघालं. वर्गातल्या एका मुलाची नुकतीच पुण्याला मुंज झाली होती, त्यानं ती सगळी वर्णन करून सांगितली. मग इरानं विचारलं, "आणि मुलींचं काय असतं?"

रेजिनाताई म्हणाल्या, "मला माझ्या घरचं माहीत आहे. तुमच्या घरचं तुमच्या आईला विचारा, आजीला विचारा."

मुलींनी विचारलं. त्या आठवड्यात दार्सैतच्या किती घरांत जेवताना घाईनं विषय बदलला गेला असेल, देव जाणे. पुढच्या शुक्रवारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः वर्गात आले. मी तिथेच होते.

"रेजिनाताई, मुलींच्या तोंडी नको ते प्रश्न घातले जाताहेत. शिवाय त्या पुस्तकात चर्च आहे. लोक वेगळा अर्थ काढतात."

"कोणता अर्थ?"

अध्यक्षांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "तुम्हाला कळतंय. तेवढं एक पुस्तक बाजूला ठेवा. नाहीतर चर्चच्या पानावर कागद चिकटवा. आपले सण आहेत ना शिकवायला?"

"मी गणपतीचं पुस्तक वाचलं तेव्हा मला कागद चिकटवायला सांगितलं नाहीत," रेजिनाताई शांतपणे म्हणाल्या. "पुस्तक राहील."

"मग खोली देता येणार नाही."

"ठीक आहे. खोली तुमची, पुस्तकं माझी." त्यांनी पुस्तकं चाकांच्या बॅगेत भरली आणि मुलांना म्हणाल्या, "चला, आज घरी लवकर."

त्या संध्याकाळी मी सतीशना विचारलं, आपल्या हॉलमध्ये वर्ग भरवू या का. अध्यक्ष सतीशच्याच कंपनीत वरच्या पदावर होते. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, घर जातं, मुलांची शाळा जाते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सतीशनी हॉलभर नजर फिरवली. मग म्हणाले, "सोफा भिंतीला लावला तर पंधरा-वीस मुलं बसतील." एवढंच.

पहिल्या शुक्रवारी इरा आणि आणखी एकच मुलगी आली. रेजिनाताई अल खौदहून टॅक्सीनं एवढ्या लांब आल्या होत्या. मी ओशाळून काही बोलू लागले तर म्हणाल्या, "दोघी आहेत ना? मग वर्ग आहे." खोली भरलेली असताना वाचायच्या तशाच त्यांनी वाचलं. त्या उन्हाळ्यात माझं पाठीचं दुखणं निघालं, मी अंथरुणाला खिळले. त्या येताना डबा आणत, मुलांचं वाचन उरकत, आणि जाताना माझ्या ओट्यावरची भांडी घासून जात. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. हळूहळू हॉल भरला.

माझ्या सासूबाई, सुमतीबाई, हिवाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. इरानं त्यांनाही विचारलं, "आजी, तू मोठी झालीस तेव्हा काय केलं होतं?" बोलणं पहिल्या पाळीवर जाणार हे कळून मी ताटावरून मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मखरात बसवलं होतं मला. हिरवी साडी, अबोलीची वेणी. बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली. फार छान वाटलं होतं." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद."

सतीशनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

रेजिनाताईंनी तोवर मुलांकडून त्यांचं स्वतःचं चित्रपुस्तक करून घ्यायला सुरुवात केली होती. प्रत्येकानं आपल्या घरच्या मोठ्या दिवसाचं एक पान करायचं. मुंज आली, वसईच्या मुलीचा चर्चमधला पहिला प्रसाद, म्हणजे कम्युनियन, आला. इरानं आजीचं मखर काढलं आणि खाली आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. रुवीच्या एका छापखान्यात पुस्तक छापायचं ठरलं, तशी बातमी मंडळापर्यंत गेली. एका शुक्रवारी आमच्या हॉलमध्येच रेजिनाताईंना अध्यक्षांचा फोन आला. सूर बदलला होता. प्रकाशन मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात करू, रंगमंच देऊ, फक्त त्या पानावरचं शेवटचं वाक्य गाळावं. मखर ठेवा, ती आपली परंपरा आहे. 'शाळा बंद' कशाला?

"वाक्य सुमतीबाईंचं आहे," रेजिनाताई म्हणाल्या. "त्यांनी गाळायला सांगितलं तर गाळेन."

त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू द्या ते. माझी शाळा होती ती."

प्रकाशन आमच्या हॉलमध्ये झालं. सासूबाईंनी आपलं पान स्वतः उभं राहून वाचलं. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज हलला नाही. आमचाच हलला असता. पुढच्या महिन्यात मंडळातल्या तीन घरांनी आपल्या मुली वर्गात पाठवल्या. अध्यक्ष अजून आमच्याशी बोलत नाहीत. सतीशची बढती एकदा अडली. ती का अडली हे आम्हाला कळलेलं नाही आणि आम्ही विचारलेलंही नाही.

नियमाप्रमाणे साठीला शाळेनं रेजिनाताईंना निरोप दिला. आता त्या यजमानांच्या व्हिसावर आहेत आणि पूर्वीपेक्षा जास्त कामात आहेत. मुलांना घेऊन त्यांनी नवं चित्रपुस्तक सुरू केलं आहे. घरच्या सोहळ्यात ज्या बायकांना मागे उभं करतात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, त्यांच्याबद्दल. दोन घरांतून 'हा विषय नको' असे निरोप येऊनही गेले.

रेजिनाताई, हे पुस्तक आपल्या हातून पुरं व्हावं, त्यानंतरचंही, आणि त्याच्याही नंतरचं. त्यासाठी जितकी वर्षं लागतील तितकी आपल्याला लाभोत, गुडघे आणि डोळे शाबूत ठेवून लाभोत. आणि ज्यांना हा विषय नको आहे त्यांनाही भरपूर आयुष्य मिळो. पुस्तक छापून येईल तेव्हा वाचायला त्यांनीही असलं पाहिजे.