गोदाम की घड्याळजी

ओताकार ऊर्फ ओता हुबाचेक चेक देशातल्या प्शेरोवच्या रेल्वे यार्डात डब्यांच्या चाकांवर हातोडी मारतो आणि आवाज ऐकतो. खणखणीत आला तर डबा पुढे, बद्द आला तर बाजूला. बाकी आयुष्यात असं चटकन ठरवणं त्याला कधी जमलेलं नाही. त्याच्याबरोबर मोजे घ्यायला जायचं असलं की द्राहा, त्याची बायको, घरूनच पोटभर जेवून निघते.

आणि अशा माणसाला बारा जणांनी कप्तान केलं होतं. रविवारची जेवणं उरकली की हे तेरा वीर आपापल्या घरी संगणकासमोर बसतात आणि चारपर्यंत एका काल्पनिक बेटावर लढाई खेळतात. शिस्त कडक. माईक चालू ठेवून कुणी वेफर्स खाल्ले, तर पुढच्या रविवारी त्याने दारूगोळा वाहायचा.

वाद पेटला तो मॉडवरून. मॉड म्हणजे हौशी लोकांनी बनवून फुकट वाटलेली भर: मूळ खेळात नसलेल्या गाड्या, बंदुका, गणवेश. असे मोठे मॉड दोन, आणि दोन्ही एकदम घातले की खेळ मान टाकतो. त्यांनी एकाचं नाव ठेवलं होतं गोदाम, दुसऱ्याचं घड्याळजी. गोदामात हवं ते मिळतं. काम जरा ओबडधोबड, पण जुन्या मशीनवरही पळतं. घड्याळजीकडे माल थोडा, पण एकेक खिळा जागच्या जागी, आणि त्याला मशीन दणकट लागतं.

ओताचा जीव घड्याळजीवर. दोन वर्षं तो त्याचीच स्वप्नं बघत होता. अडचण एकच होती, ती म्हणजे स्लावेक.

स्लावेक एकसष्ट वर्षांचा. सक्तीच्या लष्करी नोकरीत दोन वर्षं त्याने खराखुरा रणगाडा हाकला होता, म्हणून खेळातही रणगाडा त्याचाच. बायको जाऊन तीन हिवाळे झाले होते. "आठवडाभर दुकानातल्या बाईशी बोलतो, आणि रविवारी तुमच्याशी," असं तो एकदा सहज म्हणाला होता. त्याच्या मशीनवर घड्याळजी चालणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी मिळून नवीन मशीन घेऊन देण्याची गोष्ट ओताने काढली, तर म्हाताऱ्याने फोनच आपटला.

शेवटी पबात मतदान ठरलं. प्रत्येकाने बिअरच्या मगाखाली ठेवतात ती पुठ्ठ्याची चकती समोर मांडायची: चित्र वर असेल तर गोदाम, कोरी बाजू वर असेल तर घड्याळजी. कप्तानाचं मत शेवटी. बारा जणांनी गंभीर चेहऱ्याने चकत्या मांडल्या, आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही की त्या पबात समोर रिकामी चकती म्हणजे "आणखी एक आण". वाढप्याने न विचारता प्रत्येक मतावर एकेक भरलेला मग ठेवून दिला.

"आता मोजायचं कसं?" राडिमने विचारलं. तो घड्याळजीचा कट्टर भक्त.

"पिऊन," स्लावेक म्हणाला.

भरलेला मग उचलून बाजूला ठेवणं कुणाच्या मनालाही शिवलं नाही. अर्ध्या तासाने ओल्या चकत्या मोजल्या. सहा चित्रं, सहा कोऱ्या. त्यातली एक कोरी स्लावेकची होती.

"तुझी चुकून उलटली का रे?" ओताने विचारलं.

"नाही. चांगलं ते चांगलं. माझ्या खटाऱ्यासाठी तुम्ही का अडून बसता?"

ओताने आपली चकती ठेवली. चित्र वर होतं, म्हणजे गोदाम.

"कप्तान, दोन वर्षं आमचं डोकं खाल्लंस की!" राडिम करवादला.

स्लावेक कोट घालत उठला. "मला कुणाची दया नको, ओता."

"दया कसली डोंबलाची? मागे तू नव्हतास तेव्हा या राडिमने रणगाडा तळ्यात घातला. तू नसशील तर घड्याळजी घेऊन काय लोणचं घालू?"

म्हातारा निघून गेला. ओता आठवडाभर चाकं ठोकत होता, पण कान दुसरीकडेच होते.

रविवारी दोनला हजेरी झाली. बारा. दोन वाजून दहा मिनिटांनीही बाराच. राडिम म्हणाला, "मी घेऊ का रणगाडा?" तेवढ्यात हेडफोनमध्ये खाकरल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस. बॅटरीची कळ, चालू. इंधनाचा पंप, चालू. तेलाचा दाब, बघतोय."

गोदामातल्या रणगाड्याला यातलं काही लागत नाही, एक बटण दाबलं की झालं. राडिम ते सांगायला गेला.

"गप, राडिम," ओता म्हणाला. "दाब किती आला, स्लावेक?"

"चढतोय हळूहळू. थंडी आहे."

"चढू दे. आम्ही थांबलोय."