दशमीच म्हणा

उजाडताना महेशनं दार वाजवलं. "आई गेली..." शेजारच्या सुमाअक्का गेल्या होत्या. नातेवाईक जमले, तशी कुणीतरी श्राद्धासाठी तिथी विचारली. आमच्या इमारतीत तिथी विचारायची ती अक्कांनाच.

मी वडिलांनी छापलेल्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांच्या घड्या घालत वाढले. मुहूर्त, राहुकाळ म्हणजे माणसाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, हे मला तेव्हापासून पाठ. नोकरीसाठी कानडी मुलुखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत आले, तर शेजारी या निपाणीच्या अक्का! सकाळी निघाले की दारातून हाक यायची, "राहुकाळ आहे गं, स्वल्प थांब. कॉफी घे."

"अक्का, ऑफिसात राहूची सही चालत नाही."

"माझी कॉफी चालते ना? बस मग."

दर पाडव्याला सगळी इमारत त्यांच्या खोलीत जमायची. कडुनिंब-गूळ हातावर ठेवून त्या नव्या वर्षाचं पंचांग मोठ्यानं वाचायच्या. वर्षभरात तेवढाच त्यांचा मान, आणि तो त्यांना फार प्रिय होता.

वरच्या मजल्यावरची रेखा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा तिच्या वडिलांनी लग्न ठरवलं. परीक्षेआधीच उरकायचं, पुढे शिकायचं नाही. मी त्यांच्याशी भांडले, हातात पत्रक दिलं. त्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं आणि मुहूर्त विचारायला अक्कांकडे गेले. मीही मागोमाग. अक्कांनी बराच वेळ पानं उलटली.

"यंदा तुमच्या लेकीला मुहूर्तच नाही, अण्णा. पुढच्या वर्षी बघा."

ते वर निघून गेले. मी खुशीत विचारलं, "खरंच नाही?"

"होते की. चांगले होते."

"मग आता तरी कबूल करा, हे सगळं थोतांड..."

"गप बस. तुझ्या लेखी थोतांड, म्हणून तुला खोटं बोलणं सोपं. मला नाही."

पुढच्या पाडव्याला त्यांनी पंचांग महेशच्या हातात दिलं. खोटं सांगितलेल्या तोंडानं वाचायचं नाही, एवढंच मला म्हणाल्या. नंतर कधीच वाचलं नाही.

एका मुलीच्या शिक्षणाला ग्रहांची परवानगी लागते, याचा मला आजही संताप येतो. पण त्या परवानगीची किंमत कुणी भरली, हेही मी विसरू शकत नाही.

रेखा आता नर्स आहे. शेवटच्या रात्री अक्कांच्या उशाशी तीच होती. प्राण गेल्याची वेळ तिनं सांगितली. मी खिळ्यावरचं पंचांग काढलं. दशमी संपायला थोडा अवकाश होता.

"एकादशीच म्हणा की," एक काका हळूच म्हणाले. "पुण्यवान बाई. कोण बघतंय?"

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा पंचांग वाचत होते. "दशमी. दशमीच म्हणा."

महेशनं ते पंचांग मलाच देऊन टाकलं. आता ते माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. परवा त्यानं विचारलं, महिन्याच्या श्राद्धाची तिथी कधी येते? मी ओळीवर बोट ठेवून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं, आणि मगच सांगितलं.