दिवेलागणीनंतरची नळी

आमच्या शेजारच्या खोलीतला हा माणूस सात वर्षं दह्यातल्या जंतूंवर पीएच.डी. करत होता. गावोगावी घराघरांतून चमचाभर दही मागून आणायचा, त्यातले जंतू काचेच्या नळ्यांत वाढवायचा आणि सोयऱ्यांबद्दल बोलावं तसा त्यांच्याबद्दल बोलायचा. "घनसावंगीवाले सुस्त हायेत. धावड्याचे जल्दी आंबवतेत, बराबर?" 'बराबर' विचारायचा, पण उत्तरासाठी कधी थांबायचा नाही.

एका संध्याकाळी तो माझ्या खोलीत बसला असताना औरंगाबादहून त्याचे गाईड आले. त्यांच्याकडचे जंतू वीज गेल्यानं मेले होते. धावड्याची नळी त्यांना लगेच हवी होती. प्रबंधावर अजून त्यांची सही व्हायची होती.

त्यानं बाहेर पाहिलं. "सर, दिवे लागले. आता विरजण देत न्हाईत. घरचं दही लागत न्हाई मंग."

"अरे, तू शास्त्रज्ञ आहेस!"

"हाये ना, सर. पण धावड्याच्या काकूनं याच बोलीवर दिल्तं."

सात वर्षं पाण्यात जाताना मला बघवेना. मी उठून बल्बच बंद केला. "घे, दिवे गेले. आता दे."

"पण सूर्य बुडलाय, बराबर?" अंधारातून तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबला.

सरांनी बूट काढले आणि माझ्या बाजेवर आडवे झाले. उजाडल्यावर नळी घेऊन गेले.

महिन्याभरानं सही केलेला प्रबंध आला, सोबत ती नळीही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून सरांनी तिच्यात काठोकाठ साखर भरली होती.