कुंदाच्या मागे, दाभोळपर्यंत

समुद्रकिनाऱ्यावर सायकल चालवताना हात मोडून घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष. माझ्याआधीच्या पुरुषांनी समुद्रच पाहिला नव्हता, त्यामुळे या मानासाठी फारशी चुरस नव्हती.

मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. कोकणची किनारपट्टी इतकी वर्षं फळ्यावर एका रेघेत काढली, की ती सपाट असणार अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. आता कळलं, की किनारपट्टीला पट्टी म्हणणारा माणूस तिथं बोटीनं गेला असावा!

पण मी काही निसर्ग पाहायला गेलो नव्हतो. बाबा गेले आणि दर्यापूरजवळच्या आमच्या सहा एकर वावराच्या सातबाऱ्यावर दोन नावं चढली. एक माझं, एक धाकट्या बहिणीचं, कुंदाचं. आमच्याकडे अशा वेळी बहीण हक्कसोड करून देते. म्हणजे नोंदणी कार्यालयात जाऊन आपला हिस्सा भावाच्या नावे सोडते. भाऊ तिला बऱ्यापैकी साडी घेतो आणि दिवाळीला बोलावत राहतो. हे कोणी मागायचं नसतं, बहिणीनं ओळखायचं असतं. कुंदानं वर्ष झालं तरी ओळखलं नाही आणि मागायची माझी छाती होईना. (छाती नसते तिथं बायको असते.) आमच्या सौ. रोज पोळ्या लाटताना एकच वाक्य म्हणत, "त्याईच्या मनात काई नसन, तं सही द्याले काय होते?"

कुंदा अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हिनं सायकल घेतली. आता दर रविवारी पातूरचा घाट चढून येते. पुण्याच्या कुठल्याशा मंडळींबरोबर ती दिवेआगर ते गणपतीपुळे अशी पाच दिवसांची सायकलफेरी करणार असल्याचं घरच्या ग्रुपवर वाचलं आणि सौ.च्या डोक्यात दिवा लागला. तुम्हीही जा, समुद्र पाहून माणूस नरम पडतो, तेव्हा विषय काढा, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं, यातच माझी लायकी आली. वकिलाकडून हक्कसोडीचा मसुदा करून घेतला, पाऊस नको लागायला म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि परतल्यानंतरच्या सोमवारची दर्यापूरच्या कार्यालयातली वेळसुद्धा घेऊन टाकली. फोनवर मी येतोय म्हणालो, तेव्हा कुंदानं तीनदा विचारलं, खरंच का?

बडनेऱ्याला मी गाडीत बसलो आणि अकोल्याला ती चढली. तिनं माझ्यासाठी हातमोजे आणले होते, आणि खाली गादी शिवलेली एक चड्डी. चोपन्नाव्या वर्षी बहिणीनं दिलेली गादीची चड्डी घालून मी दिवेआगरला उभा राहिलो, तेव्हाच मागे फिरायला हवं होतं.

पहिल्या दिवशी श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. उजव्या हाताला निळंशार पाणी, रस्ता बराचसा सपाट, बोलायला याहून चांगली जागा नाही. मी वाक्य पाठ केलं होतं, "कुंदे, बाबाच्या वावराचं एकडाव पाहून घेऊ." त्यातलं "कुंदे" तेवढं तोंडातून निघायचं, पुढचा वारा फुप्फुसात शिल्लक नसायचा आणि कुंदा तोवर पुढच्या वळणापलीकडे. मी दर अर्ध्या कोसावर "कुंदेऽ" अशी हाक मारत मागून येतोय, हे पाहून पुण्याची मंडळी हेलावली. संध्याकाळी जेवताना त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या सख्ख्या भावाला फोनवर झापलं, की बघ, याला म्हणतात भाऊ.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या पुढे खाडी आली. खाडी ओलांडायला फेरीबोट असते आणि बोटीत कुंदाला पळून जायला जागा नव्हती. मी तिच्याशेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो, पाकीट चाचपलं, दम खाल्ला. तेवढ्यात तीच बोलली.

"भाऊ, तू येतो म्हणाला तवा मले पटलंच नाई. शाळेत समद्याईले सांगून आली मी, का माहा भाऊ येऊन राहिला संगं."

यावर मी काय बोललो असेन? मी विचारलं, इकडे सुरमई ताजी मिळत असेल का. आमच्या घराण्यात कोणी मासे खात नाही. कुंदा हसली, मला थकवा आला असेल म्हणाली आणि तिनं मला साखर-मिठाचं पाणी पाजलं. ते पाणी पिताना माझी मलाच शिसारी आली. पण सोमवारची वेळ घेतलेली होती आणि सौ.चे दिवसातून चार फोन येत होते, त्यामुळे शिसारी फार टिकली नाही.

बोटीतून उतरल्यावर जो चढ लागला, तो मी सायकल हातात धरून चढलो. सामानाचा टेम्पो मागून येत होता आणि त्याचा ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी खिडकीतून आपुलकीनं विचारत होता, बसता का. मी बसलो असतो, पण टेम्पोत कुंदा नव्हती.

तिसऱ्या दिवशी, दाभोळच्या अलीकडे, मला एक शोध लागला. चढावर माझं वजन माझा वैरी होतं, पण उतारावर तेच कामाला येतं. एका लांब उतारावर मी पुण्याच्या चौघांना मागे टाकलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच कुंदाच्या बरोबरीला आलो. ती माझ्याकडे पाहून खुशीत हसली. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. खाली दाभोळची खाडी चकाकत होती, वारा कानात घुसत होता, आणि या अवस्थेत मी उजवा हात सोडून हँडलच्या पिशवीतून पाकीट काढायला गेलो. (आधी कागद हातात द्यावा, मग बोलावं, असा विचार. एवढ्या वेगात दुसरा कुठला विचार सुचणार?) वळण दिसलं तेव्हा मी डाव्या हाताला जो ब्रेक लागला तो गच्च दाबला. तो पुढच्या चाकाचा होता.

मी तांबड्या मातीत पडलो, सायकल माझ्यावर पडली आणि पाकीट पुढे जाऊन कुंदाच्या चाकाशी थांबलं. तिनं आधी मला उठवलं. मनगटाची दिशा पाहून तिनं ओढणी काढली, हात गळ्यात बांधला, मला पाणी पाजलं. मग पाकीट उचललं. प्लास्टिक पारदर्शक होतं आणि वकिलानं मथळा ठळक अक्षरांत टाइप केला होता.

रस्त्याकडेच्या मोरीवर बसून तिनं चारही पानं आणि त्यांना टाचलेली सोमवारच्या वेळेची पावती वाचली. मला शाळेत वही तपासायला दिलेल्या पोरासारखं वाटत होतं. वाचून झाल्यावर तिनं घड्या नीट घातल्या.

"फोनवर मांगतलं असतं तं देल्लं असतं, भाऊ," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले माह्यासंगं फिराचं हाये."

मी म्हणालो, तसंही होतंच. तिनं ड्रायव्हरला दवाखाना विचारून घेतला, मला टेम्पोत बसवून दिलं आणि सायकलवर टांग टाकली. उरलेला किनारा ती एकटी पुढे आणि मी सामानात. गणपतीपुळ्याला ती पहिली पोचली. तिचे फोटो सगळ्यांनी काढले. मी प्लास्टर गळ्यात घालून टाळ्या वाजवायला गेलो आणि एका हातानं टाळी वाजत नाही हे तिथं लक्षात आलं.

परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर झोपून राहिली आणि अकोल्याला उतरताना माझी औषधं तेवढी काढून दिली. सोमवारी येईल की नाही, विचारायची सोय नव्हती. सोमवारी मी दर्यापूरला पोचलो, तर ती माझ्याआधी येऊन बसलेली. तिनं फोटो काढून घेतला, प्रत्येक पानावर सुवाच्य सही केली आणि बाजूला झाली. माझी पाळी आली. उजवा हात प्लास्टरात, तेव्हा कारकून म्हणाला, डावा अंगठा द्या. अंगठा लावणाऱ्याला दस्त वाचून दाखवतात, म्हणून त्यानं तो मोठ्यानं वाचला, की लिहून देणार ही लिहून घेणार यांची सख्खी बहीण असून तिने बंधुप्रेमापोटी, स्वखुशीने आपला हिस्सा सोडला आहे.

कुंदा तेवढं ऐकून अकोल्याच्या गाडीसाठी निघून गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. माझा चेहरा पाहून कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलं नाही. तो माझ्या कानाशी वाकला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बाबा, बंधुप्रेम म्हंजे बहिनीची भावावर माया असते ना, थे. समजलं का?"

समजलं म्हणालो, आणि अंगठा लावला.